कुठेही न थांबता

"गाडी तपासणीला जाईल, फिटनेसचा दाखला मिळेल आणि आई शनिवारी बारा वाजता मावशीच्या समोर बसलेली असेल. आणि यात एकही नियम मोडला जाणार नाही. लिहून ठेवा!"

पोटकलमने सोमवारी सकाळी हे जाहीर केलं, तेव्हा घरात ऐकायला दोघीच होत्या. आई आणि बायको. आईने "बरं" म्हटलं. बायकोने तेवढंही म्हटलं नाही, कारण गेल्या एकोणीस वर्षांत "लिहून ठेवा" म्हटलेल्या गोष्टी तिने खरंच लिहून ठेवल्या असत्या, तर घरात वह्या ठेवायला वेगळी खोली बांधावी लागली असती!

पोटकलम हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. कुठले आईबाप असं नाव ठेवतील? हे ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं. तो परीक्षा विभागात होता. उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात बावीस सूचना छापलेल्या असतात ना, ज्या आजवर एकाही परीक्षार्थ्याने वाचलेल्या नाहीत, त्या लिहिणारा माणूस तो हाच. मूळच्या सूचना चौदा होत्या. वरच्या आठ त्याच्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीचं चीज म्हणजे त्या आठ सूचना! अशा माणसाकडे आठ महिने दाखल्याशिवाय उभी असलेली गाडी, म्हणजे कल्पना करा.

आता गाडी उभी का होती ते सांगतो. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्या धावपळीत दाखल्याची मुदत संपली. दाखला नाही म्हणजे गाडी रस्त्यावर आणायची नाही. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी सांगितलं, "अहो, न्या गुपचूप, कोण बघतंय?" पोटकलम म्हणाला, "मी बघतोय ना!"

आणि आईला तीच गाडी लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, खुबा गुडघ्याच्या खाली जाईल अशा कुठल्याही आसनावर बसायचं नाही. हल्लीच्या गाड्यांत माणूस बसत नाही, पडतो. एकदा टॅक्सीत बसवून पाहिलं, तर आई अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकली, आणि टॅक्सीवाला म्हणाला, "तुमचं चालू द्या, मी चहा पिऊन येतो." ही जुनी गाडी मात्र उंच, चौकोनी, कपाटासारखी. तिचं पुढचं दार भिंतीला टेकेपर्यंत उघडायचं. आई मागे सरकत सरकत त्या सीटवर अशी बसायची, जशी सभेची अध्यक्ष.

आणि शनिवारी दुपारी दोन वाजता मावशी कायमची निघाली होती. मावशी म्हणजे आईची धाकटी आणि एकुलती बहीण. मावसभाऊ तिला आपल्याकडे घेऊन चालला होता, रात्रभराच्या प्रवासावर. मावशीला दम लागायचा, आईला जिने जड, त्यामुळे एकाच शहरात राहून दोघी आठ महिने भेटल्या नव्हत्या. आणि आता एक एकाहत्तरची, एक चौऱ्याहत्तरची. पुन्हा भेट कधी, हे दोघींनी एकमेकींना विचारलं नव्हतं, कारण दोघींना उत्तर ठाऊक होतं. आईने फक्त मुलाला एवढंच सांगितलं होतं, "मला एक तासभर तिच्याजवळ बसायचंय. बाकी काही नको."

म्हणून पोटकलम कामाला लागला. वाहन कार्यालयात जाऊन त्याने शनिवारी साडेदहाची तपासणीची वेळ घेतली. दाखला नसलेली गाडी फक्त तपासणीलाच चालवत नेता येते, हे त्याला पाठ होतं. पण नुसतं पाठ असून भागतंय थोडंच! कागद हवा. चार नंबरच्या खिडकीतला कारकून कपाळावर चष्मा ठेवून टेबलभर चष्मा शोधत होता. त्याने अर्ज घेतला, चाचपडत एक शिक्का उचलला आणि दणकन मारला.

पोटकलमने शिक्का वाचला. 'ठरलेल्या मार्गाने व कुठेही न थांबता.'

"कुठेही न थांबता म्हणजे कुठेही?"

"कुठेही म्हणजे कुठेही."

"आणि सिग्नल लागला तर?"

कारकुनाने कपाळावरचा चष्मा शोधणं थांबवलं. "सिग्नलला थांबा हो! सिग्नलला कोण नाही म्हणतंय?"

"म्हणजे ते अपवादात धरायचं. मग तसं लिहून द्याल का?"

"पुढचे या!"

पोटकलमने स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं. 'सिग्नल अपवाद (तोंडी).' आणि खाली तारीख टाकली!

मग उरला मिस्त्री. मिस्त्रीचं गॅरेज बिल्डिंगच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. गाडीच्या तोंडापासून गॅरेजच्या दारापर्यंत सव्वीस पावलं. मिस्त्रीने येऊन बॉनेट उघडलं, बॅटरी बदलली, चारी चाकांत हवा भरली आणि म्हणाला, "साहेब, आता समोर घेऊ. रॅम्पवर चढवल्याशिवाय खालचं काही दिसायचं नाही."

"समोर म्हणजे रस्ता ओलांडून?"

"मग काय, उडून?"

"दाखला नाही. तपासणीखेरीज रस्त्यावर गाडी चालवता येत नाही."

"मी ढकलतो. तुम्ही नुसते स्टिअरिंगवर बसा."

"ढकलली तरी रस्त्यावरच आली ना!"

"बरं, दोरी बांधून ओढू."

"ओढली तरी चाकं रस्त्यावरच फिरतात! चारही चाकं जमिनीला न लागता नेली तर चालेल."

मिस्त्रीने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "साहेब, सव्वीस पावलं आहेत हो! म्हशीसुद्धा ओलांडतात हा रस्ता, दाखला न दाखवता!"

"म्हशींना नियम वेगळे."

शेवटी मिस्त्रीनेच चोवीस वेळा रस्ता ओलांडला. एकदा पाना आणायला, एकदा पाना चुकीचा आणला म्हणून परत ठेवायला, एकदा दिव्याचा बल्ब, एकदा तो बल्ब लावायचा स्क्रू. तिसऱ्या दिवशी तर तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून आपण कुठून कुठे चाललोय ते आठवत होता. खालून बघायचं म्हणून तो अंगणात पोटावर झोपला, टॉर्च मारला, शिंकला आणि बाहेर आला. "धूळ दिसली. बाकी आतलं काही सांगता येत नाही. दिसायला ठीक वाटतंय."

"ठीक ना? मग झालं तर!" पोटकलम म्हणाला. आणि बायकोला अभिमानाने म्हणाला, "बघितलंस? एक चाक बाहेर न काढता दुरुस्ती!"

"मिस्त्रीचे पाय बघितलेत का?" बायको म्हणाली.

शनिवार उजाडला. बायकोला ऑफिस होतं, ती गेली. पोटकलमने आईला जिन्यावरून एकेक पायरी करत खाली आणलं, गाडीत बसवलं. आईने आठ महिन्यांनी चांगली साडी नेसली होती, केस नीट विंचरले होते. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली! मिस्त्री रस्त्यापलीकडून हात जोडून उभा होता. निरोप देत होता की सुटका झाली म्हणून, ते कळलं नाही.

आता मार्ग. ठरलेला मार्ग मावशीच्या घरावरूनच जात होता. अगदी दारावरून! पोटकलमला हे ठाऊक होतं, आईला नव्हतं. चौकाजवळ आल्यावर आई एकदम ताठ झाली.

"अरे, हे तर तिचं घर! थांबव, थांबव!"

"आई, थांबता येत नाही. शिक्का आहे."

"पाच मिनिटं रे!"

"आई, साडेदहाला तपासणी, अकराला दाखला, साडेअकराला इथे परत. मग दोन वाजेपर्यंत खुशाल बस की! अडीच तास! तू एक तास मागितलास, मी तुला अडीच देतोय!"

हिशोब बिनचूक होता. बिनचूक हिशोबाला बोलणार काय? आणि तेवढ्यात सिग्नल लाल झाला.

गाडी बरोबर मावशीच्या फाटकासमोर उभी राहिली. सिग्नलवर आकडे उलटे धावत होते. बासष्ट, एकसष्ट, साठ. फाटकात मावशी उभी होती. हातात झाडू, डोक्याला फडकं, घर रिकामं करत असावी. तिने गाडी ओळखली. ती गाडी न ओळखायला माणूस आंधळाच हवा! झाडू टाकून मावशी निघाली, धावता येत नव्हतं तरी धावत, छातीला हात लावून, फुटपाथवरून आईच्या खिडकीशी. सत्तेचाळीस.

"ताई!" मावशी म्हणाली, आणि पुढे दम लागला.

"अगं..." आई म्हणाली.

आता इथे पोटकलमला वाटलं, मावशीचा गैरसमज होता कामा नये. आपण भेटायलाच थांबलोय असं तिला वाटेल, ती दार उघडेल, आई उतरू लागेल, आईला उतरायला दहा मिनिटं लागतात, आणि सिग्नल सुटेल! तो आईच्या पुढून आडवा वाकला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला,

"मावशी, दार उघडू नकोस! आम्ही थांबलेलो नाही!"

"थांबलाय की," मावशी म्हणाली.

"सिग्नलला थांबलोय. सिग्नल अपवाद आहे. त्याचं काय आहे मावशी, या गाडीला दाखला नाही. दाखला नसेल तर फक्त तपासणीसाठी रस्त्यावर आणता येते, तीही ठरलेल्या मार्गाने. आता हा मार्ग तुझ्या दारावरून जातो हा योगायोग. पण मार्गात तुझं घर येतं म्हणजे तुझ्या घरी यायची परवानगी आहे असा अर्थ होत नाही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे..."

"बरं बाळ," मावशी म्हणाली. पन्नाशीला आलेल्या पोटकलमला मावशी अजून बाळ म्हणायची. ती डावीकडून डोकावून बघत होती, मग उजवीकडून. आईही मान इकडेतिकडे करत होती.

"...पहिली गोष्ट म्हणजे मार्ग. तो लेखी आहे. दुसरी गोष्ट अशी, की..."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या बसने असा हॉर्न दिला की पोटकलमचं डोकं खिडकीच्या वरच्या कडेवर आपटलं. "अकरा-साडेअकराला येतोच!" असं ओरडून त्याने गाडी काढली. आरशात मावशी हात हलवताना दिसली. आईने हात वर केला, पण तोवर गाडी वळली होती.

तपासणी केंद्र म्हणजे मोठं पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली खड्डा. तपासनीस शांत, काटेकोर, खिशाला तीन पेनं लावलेला माणूस. पोटकलमला पाहताक्षणी आवडला! आई गाडीतच बसून राहिली, उतरायचं म्हणजे पुन्हा चढायचं आलं. तपासनीस खड्ड्यात उतरला. दोन मिनिटांत वर आला.

"ब्रेकची नळी गंजलीय. गळतेय. हात लावला तर माझ्या हातात आली." त्याने खरंच तुकडा दाखवला. "खाली रॅम्पवर घेऊन कुणी बघितली नाही का? शेंबड्या पोरालाही दिसेल."

पोटकलमला सव्वीस पावलं आठवली. एकेक करून आठवली.

"आपण ब्रेक नसलेल्या गाडीतून आलो?" आतून आईने विचारलं.

"होता, आजी. थोडा होता," तपासनीस म्हणाला आणि फॉर्मवर लाल पेनाने लिहिलं. नापास. धोकादायक.

"मग आता घरी कशी नेऊ?"

"चालवत नाही न्यायची. ही धोकादायक ठरली. आता फक्त ट्रकवर चढवून. चारही चाकं जमिनीला न लागता." मग त्याने परवानगीचा कागद उलटसुलट केला आणि हसू लागला. "हा कुठला शिक्का मारलाय तुम्हाला? कुठेही न थांबता? हा मालाच्या ट्रकांचा! आमच्या चार नंबरचा चष्मा सारखा हरवतो हो, हाताला लागेल तो शिक्का मारतो. तुमच्यासारख्यांना असलं काही बंधन नाही. तपासणीला यायचं, बस्स. वाटेत पाच-दहा मिनिटं कुणाकडे चहाला थांबलात तर कोण विचारतंय!"

पोटकलमने खाली पाहिलं. बसायला काही सापडेना म्हणून तो तिथल्याच एका टायरवर बसला. सव्वीस वर्षं सूचना लिहिल्या, पण छापील अक्षर चुकीचं असू शकतं ही सूचना कुणी त्याला दिली नव्हती!

पाऊण तास असाच गेला. ट्रकवाल्याला फोन केला, तो बारा म्हणाला आणि एकला आला. मावशीचा फोन आदल्या दिवशीच बंद केलेला. मावसभावाला सतरा फोन लावले, एकही उचलला गेला नाही. टॅक्सी बोलावून पाहिली. तिची सीट इतकी खाली की आईने नुसती पाहिली आणि मान हलवली. त्याच टॅक्सीने जाऊन मावशीलाच आणावं, तर ब्रेक नसलेल्या गाडीत आईला एकटीला टाकून जायचं कसं? बायकोला फोन केला, ती म्हणाली, "अहो, मी आत्ता मीटिंगमध्ये आहे. पण तुम्ही मावशींच्या दारावरूनच गेलात ना? मग थांबलात का नाही?" पोटकलमने फोन ठेवून दिला.

सव्वा वाजला. आणि मग पोटकलमच्या आयुष्यात कधी न घडलेली गोष्ट घडली. तो तपासनिसाजवळ गेला, इकडेतिकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाला,

"साहेब, दोनच किलोमीटर आहे. मी पहिल्या गिअरमध्ये नेतो. माणूस चालतो तशी. हँडब्रेक चांगला आहे. तुम्ही नुसतं तिकडे तोंड करून उभे राहा."

"शक्य नाही."

"आईची बहीण दोन वाजता चाललीय हो. कायमची."

तपासनिसाचा चेहरा उतरला, पण पेन खिशातून हललं नाही. "मला कळतंय. पण नियम आहे. आणि उद्या तुमच्या आईला काही झालं तर? लोकांना वाटतं आम्ही उगाच अडवतो. प्रत्येक नियमामागे काहीतरी असतं, साहेब."

हे वाक्य पोटकलमचं होतं! अगदी शब्दन् शब्द! सव्वीस वर्षं उशिरा आलेल्या परीक्षार्थ्यांना तो हेच सांगत आला होता. समोरून ऐकायला कसं लागतं, ते आज कळलं.

तो ट्रकवाल्याकडे गेला. "गाडी वर चढवा, आईला आतच राहू दे. वाटेत एका घरापाशी थांबायचं."

"माणूस बसलेली गाडी वर चढवत नाही. नियम आहे."

"मग तुमच्या शेजारी बसवा!"

ट्रकवाल्याने पायरी दाखवली. ती पोटकलमच्या कमरेएवढी होती. आईने खुब्यावर हात ठेवला.

दोन वाजले. केंद्रातल्या मोठ्या घड्याळात वाजले, पोटकलमच्या मनगटावर वाजले आणि गाडीतल्या घड्याळात वाजायला चार मिनिटं कमी होती, तर आई त्याच घड्याळाकडे बघत बसली. चार मिनिटांनी तिने नजर काढली.

"आई, मी..." पोटकलम म्हणाला.

"तिने डोक्याला फडकं बांधलं होतं ना?" आई म्हणाली. "रंग कुठला होता रे? मला दिसलंच नाही. मध्ये तुझं डोकं होतं."

पोटकलमला रंग आठवेना. तो खिडकीतून बाहेर वाकून मावशीकडे बघतच बोलत होता, हातभर अंतरावर, आणि त्याला रंग आठवेना.

अडीचला तपासणीला एक शाळेची बस आली, पास झाली. तिच्या पायऱ्या ठेंगण्या आणि सीटा उंच. ड्रायव्हर म्हणाला, "आजींना मी सोडतो की, माझ्या वाटेवरच आहे." शाळेच्या बसमधून इतर प्रवासी नेता येतात का, हा प्रश्न पोटकलमच्या जिभेच्या टोकावर आला होता. आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. प्रश्न परत गेला.

गाडी ट्रकवर चढली, मायलेक बसमध्ये, आणि बस मावशीच्या फाटकावरूनच गेली. फाटकाला कुलूप होतं. या वेळी सिग्नल हिरवा होता.

संध्याकाळी फोन वाजला. मावसभावाच्या नंबरवरून मावशी. फोन दिवसभर गाडीत चार्जिंगला होता, आता वाटेत कुठेतरी चहाला थांबले तेव्हा सतरा कॉल दिसले. आई अर्धा तास बोलली. औषधांबद्दल बोलली, प्रवासाबद्दल, मावशीने कुंड्या कुणाला दिल्या त्याबद्दल. दोन वेळा हसली. एकदा बराच वेळ नुसता फोन कानाला धरून बसली. नापास, शिक्का, ब्रेक यातलं काही म्हणजे काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "अगं, गाडीचं काम लांबलं." पोटकलम स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता. बायकोही ऐकत होती, आणि लिहून ठेवण्यासारखं बरंच असूनही काही बोलत नव्हती.

मग आईने फोन त्याच्यापुढे धरला. "घे. तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

पोटकलमने फोन घेतला. आता बोलणी खायची, त्याने मनाची तयारी केली.

"बाळ," मावशी नेहमीच्याच मायेने म्हणाली, "सकाळी तू काहीतरी महत्त्वाचं सांगत होतास बघ. पहिली गोष्ट कळली मला. दुसरी सांगणार, तेवढ्यात सिग्नल सुटला. मी वाटभर विचार करतेय. दुसरी गोष्ट काय रे?"

पोटकलमने तोंड उघडलं. मग मिटलं. पलीकडे मावशी वाट बघत होती, आणि तिला काही घाई नव्हती.